पुढची वाट वंद

या, असे पुढे सरका. तिकडे दाराशी बसलात तर अर्धी गोष्ट वारा ऐकेल आणि उरलेली अर्धी तुम्ही, मग मला विचाराल की असं कसं झालं. एक अक्षर चुकलं आणि त्या चुकीने एक अख्खा उतार वाचवला, त्याची ही गोष्ट. लहानशीच आहे, अक्षराएवढी. पण देवाला लहान गोष्टींचं वावडं नाही, मग आपल्याला का असावं?

तर एका तळ्याच्या वर एक उतार होता. वर्षातले अकरा महिने तिथे गवत, दगड आणि वारा, याशिवाय काही नसायचं. बाराव्या महिन्यात मात्र तो उतार वरपासून खालपर्यंत निळा व्हायचा. फुलं बोटाच्या पेराएवढी, एक हातात घेतलं तर नजरेत न भरणारं. पण लाखो एकत्र उमलली की वाटायचं, कुणीतरी आभाळ धुऊन वाळत घातलंय. तीन आठवडे हा थाट. मग फुलं सुकायची, बी खाली पडायचं आणि पुढच्या वर्षीची सोय व्हायची. ते बी पडेपर्यंत उतारावर पाय पडायला नको, एवढीच त्या फुलांची मागणी.

आणि नेमके त्याच तीन आठवड्यांत लोक यायचे.

आता फोटोसाठी येणाऱ्या माणसांना नावं ठेवायला आपली जीभ लगेच शिवशिवते. थोडं थांबा. त्यांचं बघा कसं व्हायचं. प्रत्येकाला असा फोटो हवा असे की सगळीकडे निळंच निळं आणि मधे आपण एकटे. पण तिथे एका वेळी शंभर जण एकटे असायचे. पहिला दोन पावलं आत शिरला, की तो दुसऱ्याच्या फोटोत यायचा, म्हणून दुसरा चार पावलं आत. तिसरा आठ. कुणाच्या मनात पाप नव्हतं. कुणी बायकोची पर्स दातात धरून धुळीत उताणा पडून फोन तिरका करायचा. कुणी तिघी मैत्रिणी एकच ओढणी आळीपाळीने घेऊन तीन फोटो काढायच्या. गुडघे धरलेल्या एक मावशी "मलाही फुलांत बसायचंय" म्हणून बसल्या, बसल्या त्या बसल्याच. उठवायला चौघं धावली, आणि मावशी उठल्यावर तिथे टोपलीएवढं भगदाड.

उतारावर एक राखणदार बाई होती. फाटकाशेजारच्या दोन खोल्यांत ती आणि तिचे वडील राहायचे. शिट्टी फुंकून फुंकून तिचे गाल दुखायचे. लोक उद्धट नव्हते. हसून म्हणायचे, "ताई, एकच." दिवसभरात ती हजारदा "एकच" ऐकायची. संध्याकाळी वडिलांना म्हणायची, बाबा, एकच एकच करत अख्खा डोंगर संपवतील हे. मागच्या वर्षी तसंच झालं होतं. तुडवलेल्या जागी बी पडलंच नाही, आणि या वर्षी निळ्यात जागोजागी तपकिरी ठिगळं उगवली होती. अजून एक हंगाम असा गेला असता, तर पाहायला काही उरलंच नसतं.

म्हणून उताराची देखरेख करणाऱ्या सरकारी कचेरीने ठरवलं, पायवाट जिथे उतारात शिरते तिथे फलक लावायचा. आणि फलक रंगवायचं काम साहजिकच तिच्या वडिलांकडे आलं.

वडील पेंटर. चाळीस वर्षं दुकानांच्या पाट्या, शाळांच्या भिंती, ट्रकच्या पाठी, सगळं हाताने रंगवलेलं. लोक त्यांना शिरोरेघ म्हणायचे, कारण त्यांची वरची रेघ इतकी सरळ यायची की गवंडी आपली पाणसळ तिच्यावर ताडून बघायचा, अशी थट्टा होती. बायको गेल्यापासून ब्रश हाच त्यांचा सोबती. त्यांनी कधीचं सांगून ठेवलं होतं, ज्या दिवशी माझं अक्षर चुकेल त्या दिवशी ब्रश खाली. लेक हसून म्हणायची, मग तुम्ही करणार काय दिवसभर? यावर ते काही बोलायचे नाहीत. हे न बोलणंच तिला भीती घालायचं.

कारण तिला दिसत होतं. त्यांना दिसत नव्हतं. चहाची कपबशी ते चाचपून उचलायचे. रंगाचे डबे वासाने ओळखल्यासारखे नाकाजवळ न्यायचे. "मोतीबिंदू असेल बाबा, दाखवून येऊ," म्हटलं की म्हणायचे, हाताला सगळं ठाऊक आहे, डोळ्यांना कशाला त्रास? डॉक्टरची त्यांना धास्ती नव्हती. धास्ती होती ती तिथे भिंतीवर टांगलेल्या अक्षरांच्या तक्त्याची. अक्षरांनीच आपली परीक्षा घ्यावी, हे त्यांना सोसणारं नव्हतं.

फलक रंगवायला त्यांनी दोन दिवस घेतले. पत्र्याला पांढरा हात दिला. दोरीला खडू लावून रेघा मारल्या. त्यांची पद्धत अशी: आधी सगळ्या उभ्या काठ्या, मग अक्षरांची पोटं, आणि बारीकसारीक काम सर्वांत शेवटी. मात्रा, टिंबं आणि ब च्या पोटातली तिरकी रेघ. लाल रंगात मजकूर असा व्हायचा होता: "पुढची वाट बंद. येथूनच पाहावे."

दुसऱ्या संध्याकाळी दोन मजुरांनी फलक नेऊन पुरला. बाबा अंगावर स्वच्छ सदरा घालून बघायला गेले, कमरेवर हात ठेवून उभे राहिले आणि त्यांनी लेकीला विचारलं, कसं दिसतंय? लेकीने वाचलं.

पुढची वाट वंद. येथूनच पाहावे.

तिने पुन्हा वाचलं. शिरोरेघ सरळ. टिंब जागेवर. काठ्या देखण्या. फक्त ब चं पोट रिकामं. एवढीशी रेघ, तांदळाच्या दाण्याएवढी म्हणा, राहून गेली होती, आणि ती राहिली हे रंगवणाऱ्याला कळलं नव्हतं.

"छान दिसतंय बाबा," ती म्हणाली.

तिने मनाशी ठरवलं, उद्या पहाटे बाबा उठायच्या आत डब्यातला ब्रश घेऊन यायचं आणि तेवढी रेघ ओढून टाकायची. ना कुणाला कळणार, ना वळणार. उजाडताना ती ब्रश पदराखाली लपवून निघालीही. पण फुलांचे चाहते तिच्या आधी उठलेले. पहाटेच्या कोवळ्या उजेडासाठी आठ-दहा जणांचा घोळका फलकापाशी आधीच हजर होता, आणि एक चष्मेवाला मोठ्याने वाचत होता.

त्याला आधी हसू आलं. वंद? म्हणजे काय, वंदन कर? त्याच्या बायकोने म्हटलं, मग कर की, लिहिलंय तर. सगळे हसले. त्या माणसाने गंमत म्हणून फलकापुढे पाय जुळवले, उताराकडे तोंड केलं आणि खोल मान लववली. बायकोने फोटो काढला: पाठमोरा वाकलेला नवरा, शेजारी लाल अक्षरं, आणि पुढे माणूस नसलेलं निळंच निळं.

फोटो पाहिला आणि सगळे फोनभोवती गोळा झाले. कारण जो फोटो मिळवायला लोक उतारात खोल घुसायचे, तो इथे कडेलाच मिळाला होता. पुढे कुणीच नव्हतं. सगळे फलकाच्या मागे होते.

मग दुसरा उभा राहिला, मग तिसरी. दहा वाजेपर्यंत रांग लागली. लेक ब्रश पदराखाली तसाच धरून उभी. शिट्टी तोंडात होती, पण वाजवायची वेळ आली नाही. तिला एक आणखी गोष्ट दिसली, आणि मला ही गोष्ट सांगावीशी वाटते ती याचसाठी. मान लववताना लोक हसत असायचे, पण वर उचलताना हसत नसायचे. तेवढ्या एका क्षणात त्यांना समोरचं दिसायचं. आणि मंडळी, ज्याच्यापुढे मान वाकली त्याच्यावर पाय द्यायला माणूस कचरतोच. मान वाकवली ती थट्टेत का असेना.

ती रेघ न ओढताच परत आली.

त्या दिवसापासून तिच्यामागे दुसरीच राखण लागली. उतार आपोआप राखला जात होता, आता बाबांना राखायचं होतं. फलकाकडे जातो म्हणाले की ती म्हणायची, ऊन फार आहे. दुसऱ्या दिवशी, वारा फार आहे. तिसऱ्या दिवशी ऊनही नव्हतं आणि वाराही नव्हता, तर तिने फाटकाजवळच्या कचऱ्याच्या सगळ्या डब्यांना नवा रंग द्यायचं काम काढलं. बाबा डबे रंगवत बसले. येणारेजाणारे बोलायचे ते त्यांच्या कानावर पडे. वंद झालं का तुझं? माझं वंद हललं, परत काढ. संध्याकाळी त्यांनी विचारलं, हे वंद वंद काय चाललंय लोकांचं? लेक म्हणाली, फोटो काढायची नवी तऱ्हा आहे बाबा, तरुण मुलांची. बाबा म्हणाले, असेल, आमच्या वेळी नुसतं उभं राहायचं असे.

आठव्या दिवशी कचेरीतून साहेब आले. फलक वाचून त्यांचा चेहरा आंबट झाला. सरकारी पत्र्यावर अशुद्ध लिहिलंय, म्हणाले, हे उतरवा, यंत्रावर छापलेला पाठवतो. लेक वाद घालत बसली नाही. तिने फक्त उताराकडे हात केला. साहेब बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, मी आज इकडे आलोच नाही असं समजा. आणि आलो नव्हतो तरी ड्रायव्हरला जरा बोलवा, एक फोटो काढायचाय. एकच.

असे दोन आठवडे निभले. तिसऱ्या आठवड्यात एक मुलगी आली. कॉलेजातली असेल, बसने आलेल्या मैत्रिणींसोबत. रांगेत तिचा नंबर अजून यायचा होता, तोवर पाणी प्यायला ती फाटकाशी आली आणि तिला डबा रंगवणारे बाबा दिसले. बोटांना लाल रंग, मांडीवर ब्रश. पोरीने सरळ विचारलं, आजोबा, तो फलक तुम्ही रंगवलाय? बाबा म्हणाले, हो, मीच. ती खुशीत येऊन म्हणाली, मग तुमच्याशी बोलायलाच हवं, अहो तुमचं ते अक्षर किती जणांच्या फोनमध्ये आहे माहितीय का?

बाबांना बरं वाटलं. कुणाला नाही वाटणार? त्यांनाही पाटी पूर्ण झाली की खालच्या कोपऱ्यात अगदी बारीक आपलं नाव टाकायची सवय होती. मी इथे होतो, एवढंच ते नाव सांगायचं. फोनवाल्या लोकांचं याहून वेगळं काय असतं?

त्या मुलीने मैत्रिणीचा फलकापुढचा फोटो फोनवर उघडून दाखवला. बाबांना फोनवर नुसता एक निळा डाग दिसला. म्हणाले, बाळ, मला बारीक दिसत नाही. तिने दोन बोटं काचेवर ठेवून पसरली. निळा डाग सरकला, लाल आलं. आणखी पसरली. आता फोनभर एकच अक्षर होतं.

लेक फाटकाच्या पलीकडे पावत्या फाडत होती. तिने मान वर केली तेव्हा बाबा फोन नाकाशी धरून बसलेले. पावत्यांचं पुस्तक तिने तसंच खाली ठेवलं.

"अजून मोठं कर," बाबा म्हणाले. मुलीने केलं. अक्षराच्या कडा विरून लाल चौकोन दिसू लागले. बाबांनी अंगठ्याने काच पुसली, जणू रेघ धुळीखाली असेल.

"पोट रिकामं आहे," ते म्हणाले.

मुलीला काही कळेना. बाबा उठले. लाल रंगाचा डबा घेतला, ब्रश घेतला आणि चढणीला लागले. लेक मागून धावली, तिच्या मागून ती मुलगीही. वाटेत तिने त्यांचा दंड धरला आणि सगळं सांगून टाकलं. पहिल्या संध्याकाळीच दिसलं होतं, पहाटे रेघ ओढायला गेले होते, मग ओढली नाही.

"आणि मला सांगितलं नाहीस."

"तुम्ही ब्रश ठेवला असता बाबा."

"ठेवला असता," बाबा म्हणाले. "चाळीस वर्षं धरला, एक दिवस ठेवायचाच होता. पण तू काय केलंस? अगं, दोन आठवडे सगळी दुनिया माझी चूक वाचतेय आणि माझ्या घरात मीच तेवढा अडाणी. डोळ्यांना दिसत नाही ते मी सोसेन. तू मला दिसू दिलं नाहीस, ते कसं सोसू?"

लेकीने दंड सोडला. तुमचा फलक आहे, तुम्ही ठरवा, एवढंच म्हणाली आणि त्यांच्या मागे चालत राहिली. रेघ ओढली की फलक पुन्हा नुसता फलक होईल आणि उद्यापासून "ताई, एकच" सुरू होईल, हे तिला कळत होतं. ते तिने तोंडातून काढलं नाही.

फलकापाशी रांग होती. बाबा थेट जाऊन अक्षरापुढे उभे राहिले. मागून कुणीतरी अदबीने म्हणालं, काका, जरा बाजूला होता का, फोटोत येताय. बाबांना भर दुःखात हसू फुटलं. ते बाजूला झाले, म्हणून त्यांचं तोंड उताराकडे वळलं.

धुकट डोळ्यांना फूल दिसत नव्हतं, पाकळी दिसत नव्हती. रंग मात्र दिसत होता. हंगामाच्या सुरुवातीला याच डोळ्यांना त्या निळ्यात तपकिरी ठिगळं दिसली होती. ती तशीच होती, पण त्यात एकाचीही भर पडली नव्हती. नवी मळलेली वाट नव्हती, नवं भगदाड नव्हतं. बाकी सगळं एकसंध, चांगल्या हाताने सारवल्यासारखं.

बाबांनी त्या मुलीला विचारलं, लोक इथे उभे राहून करतात काय? ती म्हणाली, वंद. म्हणजे वाकतात. सगळेच? सगळेच, आजोबा.

बाबांनी रंगाचा डबा फलकाच्या पायाशी टेकवला. मग ते म्हणाले, "तरीपण हे असं ठेवता येणार नाही. चूक ती चूकच."

लेकीने डोळे मिटून घेतले.

"वंद काय, वंद? अनोळखी माणसांना असं एकेरीत सांगतात का कुणी? म्हातारेकोतारे येतात, लेकुरवाळ्या येतात. ही काय आपली बोलायची रीत झाली? काना हवा." त्यांनी ब्रश डब्यात बुडवला. "वंदा. वंदा, असं हवं."

द च्या पुढे जागा होती, पूर्णविरामाच्या आधी बोटभर. पण ब्रशचं टोक कुठे आहे ते बाबांना दिसेना. मग त्या मुलीने फोन पुढे केला. एका हाताने फोन त्यांच्या डोळ्यांपुढे धरला, त्यात ब्रश, पत्रा, अक्षर सगळं मोठं मोठं दिसत होतं. फोटो काढताना लोक एकमेकांना जे सांगतात तेच ती त्यांना सांगू लागली. थोडं उजवीकडे. किंचित वर. बास, बास, आता हलू नका. टोक शिरोरेघेला टेकलं.

उभी काठी. चाळीस वर्षांत लाखभर ओढल्या असतील. टोक टेकल्यावर बाबांनी डोळे मिटले आणि हात खाली आणला. आणून थांबले. ब्रश उचलला.

रांगेतल्या कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत, आणि ते बरं झालं. लेकीने जवळ जाऊन वाचलं, मोठ्याने, बाबांना ऐकू जाईल असं: पुढची वाट वंदा. येथूनच पाहावे. काना सरळ आहे ना, बाबांनी विचारलं. यावेळी तिने नीट वाकून पाहिलं आणि मग सांगितलं, खाली केसभर डावीकडे गेलाय बाबा. बाबांनी मान हलवली. हे ऐकून त्यांचा चेहरा सैल झाला. ब्रश त्यांनी तिच्या हातात दिला आणि म्हणाले, धुऊन ठेव. उद्या ने मला त्या डॉक्टरकडे. बघू तक्ता काय म्हणतो.

तक्त्याने त्यांना फार खाली उतरू दिलं नाही. एका डोळ्याचं ऑपरेशन चांगलं झालं, दुसऱ्याला उशीर झाला होता. वाचता येतं, रंगवता येत नाही. ब्रश खाली राहिला तो राहिलाच. दिवसभर करता काय, असं कुणी विचारलं तर म्हणतात, फलकाजवळ बसतो, लोक मला अदबीने बाजूला व्हायला सांगतात, मी होतो. त्या वर्षी बी पडलं. ठिगळं हळूहळू भरत आली आहेत.

आता एवढं ऐकलंत तर एक मागणं आहे. बाबांना आठवणीत ठेवा असं मी म्हणणार नाही, त्यांचा काना हजारो फोनांत आहे. पण ती मुलगी? ती वाकून, हात ताणून, बराच वेळ फोन धरून उभी राहिली. काना पूर्ण झाला आणि तिच्या फोनची बॅटरी संपली. तेवढ्यात खालून बसचा भोंगा वाजला, मैत्रिणी हाका मारू लागल्या, आणि रांगेतला आपला नंबर सोडून ती पळाली. निळ्या उतारापुढचा तिचा एकही फोटो कुणाकडे नाही. तिचं नावही कुणी विचारून घेतलं नाही. तेव्हा पुढच्या वेळी कुणी फोन उंचावून तुमच्या वाटेत आलं आणि तोंडाशी शिवी आली, तर क्षणभर थांबा आणि त्या मुलीची आठवण काढा. तिचा फोटो आपणच मनात ठेवायचा आहे.